कॅशचं गाणं, पंकवाल्यांच्या गळ्यात

नाशिक,
रविवार

प्रिय शिरीष,

तुझं पत्र वाचलं. अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या ‘कंट्री’ संगीताचा गायक जॉनी कॅश तुझं दैवत आणि पंक, म्हणजे ते वेगवान, रांगडं रॉक, नुसता आरडाओरडा, हे तू कॉलेजपासून ऐकवत आलायस. म्हणून आज एका अल्बमबद्दल सविस्तर लिहायला बसलोय. बँडचं नाव सोशल डिस्टॉर्शन. अल्बम १९९० चा आणि त्याचं नावही तेच.

ही मंडळी लॉस एंजेलिसच्या खालच्या ऑरेंज काउंटीतली, फुलर्टनची. १९७८ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा त्यांचा गायक-गिटारवादक माइक नेस शाळकरी पोरगा होता. त्याने हट्टाने डेनिस डॅनेल या मित्राला बँडमध्ये ओढलं. डेनिसला तेव्हा एकही वाद्य वाजवता येत नव्हतं! पुढे शिकला आणि मरेपर्यंत नेसच्या शेजारी गिटार घेऊन उभा राहिला. २००० मध्ये, चाळिशीही गाठायच्या आत, तो गेला. या अल्बमवर दोघांच्या गिटारी एकत्र ऐकताना मला दर वेळी हे आठवतं.

१९८३ चा त्यांचा पहिला अल्बम वेगवान आणि चिडका. मग नेस हेरॉइनच्या नादी लागला, तुरुंगाच्या वाऱ्या झाल्या, बँड बंद पडला. त्यातून तो सावरला आणि १९८८ च्या ‘प्रिझन बाउंड’मध्ये पहिल्यांदा कंट्रीचा रंग स्पष्ट दिसला. तुरुंग, व्यसन, हातची गेलेली बाई, पश्चात्ताप हे कंट्री आणि ब्लूजचे (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांचे) जुने विषय तोवर त्याच्या स्वतःच्या आयुष्यात घडून गेले होते. दोन वर्षांनी एपिक या रेकॉर्ड कंपनीसाठी, डेव्ह जर्डनच्या निर्मितीत, हा अल्बम आला. त्यात कंट्री वरून चिकटवलेलं वाटत नाही, ते यामुळेच.

आता तुझ्या कॅशकडे येतो. ‘रिंग ऑफ फायर’ जून कार्टर आणि मर्ल किल्गोर यांनी लिहिलं आणि १९६३ मध्ये कॅशने गाजवलं, हे मी तुला काय सांगणार! त्यातले मेक्सिकन थाटाचे ट्रम्पेट तू तोंडाने वाजवून दाखवायचास. इथे ती सुरावट गिटारवर येते, फाटक्या आवाजात, आणि कॅशची डुलत जाणारी चाल सरळ धावायला लागते. शब्द तेच, सूर तेच. पण कॅशच्या गाण्यात माणूस प्रेमात पडतोय आणि नेसच्या गाण्यात तो होरपळतोय. तुला राग येईल, तरी सांगतो: मला दोन्ही सारखीच खरी वाटतात.

लगेच पुढचं ‘बॉल अँड चेन’. माझ्या मते अल्बमचा प्राण इथे आहे. पायातली बेडी सोडव, एवढंच मागणं. चर्चमधल्या प्रार्थनेसारखं तेच ते पुन्हा मागत राहतो. पंकवाले बहुतेक दोन-तीन बोटांचे पॉवर कॉर्ड वाजवतात. नेसची सवय वेगळी: गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर (पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि मोकळे, घुमणारे कॉर्ड धरायचे. त्यामुळे आवाज फाडणाऱ्या एवढ्या डिस्टॉर्शनमधूनही तारा खणखणीत ऐकू येतात. तू गिटार वाजवतोस, तुझ्या हाताला हे लगेच कळेल. कॅपो लावून वाजवून बघच.

‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ मात्र एकट्याने ऐक. शाळेत एका मुलीकडे बघत बसलेला पोरगा मोठा होऊन जुन्या वस्तीत परततो, तर लहानपणीच्या लाडक्या पूल हॉलच्या (बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या अड्ड्याच्या) जागी सेव्हन-इलेव्हनचं दुकान. मग नोकरी शोधायला जातो, तर ना प्रशिक्षण, ना अनुभव. हे गाताना नेस तिशीच्याही आत होता. त्याचा आवाज काही फार फिरत नाही, थोडा नाकातलाच आहे, आणि तो लपवायचा प्रयत्नही करत नाही. त्यानेच गाणं काळजाला भिडतं.

सगळीच दहा गाणी अशी नाहीत. ‘शी इज अ नॉकआउट’ मला बेतास बात वाटतं. शेवटचं ‘ड्रग ट्रेन’ मात्र ब्लूजच्या अंगाने जातं आणि झकास जमलंय.

तू म्हणतोस, भेसळ झाली की दोन्ही चवी जातात. इथे भेसळ कुठे आहे? ब्लूजचे तीन कॉर्ड, कंट्रीचे तेच तीन आणि पंकचेही बहुधा तेच. तिन्हीकडे गायकाला मोठा गळा लागत नाही, बोलायला मात्र काहीतरी असावं लागतं. नेसकडे ते होतं. नंतर १९९९ मध्ये त्याने आपल्या आवडत्या जुन्या गाण्यांचा एक वेगळा अल्बमच काढला, ‘अंडर द इन्फ्लुएन्सेस’ नावाचा. पण तो नंतर. आधी हा ऐक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधली गाणी न गाळता.

ऐकून झालं की फोन नको करूस, लिही. तुझं भांडण मला कागदावर हवंय. वहिनींना नमस्कार सांग, चिंगीला पापा.

तुझा,
अविनाश