मॅडम, थँक्यू राहिलंच होतं

मॅडम, समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, कामाचं बोल" म्हणून विषय उडवता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो.

फार्माकॉलॉजीत पीएचडी करून लॅबमधून थेट एमएसएल (मेडिकल सायन्स लायझन, म्हणजे औषध कंपनीतर्फे डॉक्टरांशी औषधामागच्या विज्ञानावर बोलणारा माणूस) म्हणून तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मला एकच धास्ती होती, वीस-वीस वर्षं पेशंट बघणारे डॉक्टर माझं का ऐकतील? त्यात मित्र म्हणायचे की हे एमआरचंच, म्हणजे औषधं खपवायला डॉक्टरांकडे फिरणाऱ्या सेल्सवाल्याचंच, मोठं नाव आहे. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलात, म्हणालात हा गोंधळ जुनाच आहे, १९६७ मध्ये अपजॉन या अमेरिकन औषध कंपनीने ही पोस्ट काढली तेव्हा माणसं सेल्समधूनच घेतली होती. पण मग फरक काय तो नीट समजावलात. सेल्सने मंजूर लेबलच्या, म्हणजे औषध ज्या वापरासाठी मंजूर आहे त्याच्या, बाहेर बोलायचं नाही, आणि आपण बोलू शकतो ते फक्त डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं तर, तेही पुरावा दोन्ही बाजूंचा देऊन आणि काय विचारलं, काय सांगितलं ते नोंदवून. "प्रश्न आलेला हवा, काढून घेतलेला नको." नंतर सेल्सवाल्यांनी "डॉक्टरसाहेबांसमोर तो विषय जरा काढ ना" म्हणून मागे लागायचं आणि तुम्ही मध्ये उभं राहायचं, हे कितीदा झालं देवच जाणे. माझ्या टार्गेटमध्ये प्रिस्क्रिप्शनचा आकडा घुसू दिला नाहीत, त्याची किंमत मला फार उशिरा कळली.

आणि ती स्लाइड! मोठ्या अक्षरात "धोका ५० टक्क्यांनी कमी" असं लिहिलेलं, मंजुरीसाठी तुमच्याकडे आलेलं. तुम्ही पेन घेऊन बाजूला लिहिलंत: प्लासिबोवर (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीवर) १०० पैकी २ जणांना त्रास, औषधावर १०० पैकी १. म्हणजे खरी (अ‍ॅब्सोल्यूट) घट १ टक्का, एकाला फायदा व्हायला १०० जणांना औषध द्यावं लागणार. मार्केटिंगवाले म्हणाले आकडा खोटा तर नाहीये ना, तुम्ही म्हणालात खोटा नाही पण अर्धा आहे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी टाका नाहीतर सही नाही. तेव्हापासून कुठलाही पेपर वाचताना माझी नजर आधी अ‍ॅब्सोल्यूट आकड्यावर जाते, मग बाकीचं.

"माहीत नाही, बघून सांगतो" हे म्हणायला तुम्हीच शिकवलंत, फक्त अट एक, सांगायचंच, विसरायचं नाही. मला वाटायचं असं बोललो तर इंप्रेशन जाईल, पण जे डॉक्टर आज आपणहून फोन करतात ते बहुतेक त्या एका वाक्यामुळेच. आणि गप्पांच्या ओघात कोणी म्हणालं की अमुक पेशंटला गोळीनंतर पुरळ आलं, तरी ते २४ तासांत सेफ्टी टीमकडे गेलंच पाहिजे, हा तुमचा हट्ट. पेशंट, सांगणारा, औषध, त्रास, एवढी चार टोकं हातात आली की रिपोर्ट होतो, औषधामुळेच झालं का ते ठरवत बसू नकोस म्हणायचात.

मला प्रमोशनची घाई होती तेव्हा तुम्ही मला फेज फोर (औषध बाजारात आल्यानंतरचे अभ्यास) आणि पब्लिकेशन्सच्या कामाला जुंपलंत, मी आतल्या आत धुसफुसत होतो, आता तेच दोन विषय माझी रोजीरोटी आहेत.

शेवटचं. आमच्या पहिल्या पेपरच्या ड्राफ्टवर मी मोठ्या मानाने तुमचं नाव लेखकांत घातलं होतं, तुम्ही ते खोडलंत. लेखक म्हणवायला आयसीएमजेईचे (मेडिकल जर्नल्सच्या संपादकांच्या समितीचे) चारही निकष पूर्ण व्हायला हवेत, मी तर फक्त मीटिंगला बसले होते, म्हणालात. मग मी आभारात टाकलं, तर तुम्ही म्हणालात त्यालाही माझी लेखी परवानगी लागते, आधी मेल कर. हे पत्र टाकताना मेल केलेला नाही, म्हणून नाव लिहिलेलं नाही. ओळखणारे ओळखतीलच.