मंत्रिमहोदय, चालू संगणकांचं निर्लेखन थांबवा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस

स.न.वि.वि.

साहेब, 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चं मोफत अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही, पडणारही नव्हता. यापुढे त्यात एखादं नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला फुकटात कुणी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ही बातमी सरकारी कचेऱ्या आणि शाळांपर्यंत पोचेपोचेतो तिचं झालं, 'विंडोज 10 बंद झालं, मशीन बदला.' आणि आता मार्चअखेर जवळ येतोय तशा निर्लेखनाच्या, म्हणजे दप्तरातून कमी करून भंगारात काढायच्या, फायली हलायला लागल्या आहेत. म्हणून हे पत्र.

मी पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात पीसी जोडून देतो आणि दुरुस्त करतो. नवीन मशीन विकलं तर मला जास्त सुटतात, जुनं दुरुस्त केलं तर कमी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना 'याच्या पोटात का दुखतंय' असं वाटायला नको.

आधी अडचण काय आहे ते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर थोडे अपवाद सोडता आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आठवी पिढी 2017 च्या उत्तरार्धात आली. त्यामुळे त्याआधी घेतलेली सहाव्या-सातव्या पिढीची जवळपास सगळी मशीनं यादीबाहेर गेली. यातल्या बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) टीपीएम 2.0 असतं. इंटेल त्याला पीटीटी म्हणतं, आणि ते नुसतं चालू करायचं राहिलेलं असतं. चालू केलं तरी तपासणीचा प्रोग्रॅम प्रोसेसरवर बोट ठेवतो आणि नापास करतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) खटपट करून अशा मशीनवर विंडोज 11 बसवून देणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत, घरगुती गिऱ्हाइकांना मीही बसवून दिलंय. सरकारी मशीनवर मात्र हा मार्ग मी सुचवणार नाही. उद्या एखादं अपडेट अडलं तर सही कुणाची?

गेल्या महिन्यात उपनगरातल्या एका अनुदानित शाळेने मला बोलावलं. काम दुरुस्तीचं नव्हतं. 'सदर संगणक वापरण्यास अयोग्य आहेत' असा दाखला हवा होता, निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडायला. दाखला देण्याआधी एक तरी उघडून बघतो म्हटलं. सहाव्या पिढीचा आय3, 4 जीबी डीडीआर4 रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. तक्रार अशी, की नेट चालत नाही आणि मशीन मध्येच अडकतं. सुरू केलं तर घड्याळात 2016 चा जानेवारी. बोर्डवरचा तो नाण्याएवढा सीआर2032 सेल संपलेला होता. लॅबचं मेन बटण बंद केलं की तारीख मागे जाणार, आणि तारीख मागे गेली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांचं प्रमाणपत्र मानत नाही. सगळीकडे लाल पाटी. म्हणजे नेट चालत होतं, सेल गेला होता. सेलला वीस-तीस रुपये पडतात. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट खडूच्या भुकटीसारखी झाली होती, त्यामुळे मशीन तापून अडकायचं. हीटसिंक काढून पुसला, नवी पेस्ट लावली, ब्लोअर मारला, आणि पिशवीतला 256 जीबीचा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लावून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली. अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप समोर. मराठी कीबोर्ड चालू करून दाखवला, लिब्रे ऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये शाळेची एक जुनी हजेरी उघडून दाखवली. संगणकाचे सर दोनदा माऊस फिरवून म्हणाले, "हे तेच मशीन का हो?"

दाखला मी दिला नाही. मुख्याध्यापिका मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं खरं आहे. पण प्रस्ताव वर गेलाय."

तर साहेब, माझं भांडण या 'वर'शी आहे. त्या मॅडमचा काही दोष नाही. डेडस्टॉक रजिस्टरला (कार्यालयातल्या वस्तूंच्या नोंदवहीला) संगणक आणि मोडकी खुर्ची यांत फरक कळत नाही. एकतर वस्तू दप्तरी आहे, नाहीतर निर्लेखित. 'एसएसडी टाकून पुढची चार वर्षं चालेल' असं लिहायला त्यात रकाना नाही. दुरुस्तीवर खर्च दाखवला तर ऑडिटवाले विचारतात, इतक्या जुन्या मशीनवर कशाला? नवीन खरेदी दाखवली की कुणी काही विचारत नाही, कारण ती जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून झालेली असते.

घाई करायचं कारणही नाही. विंडोज 10 ची सुरक्षा अपडेट पैसे भरून अजून मिळतात. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सोय आहे. 30 डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सेटिंग्ज जोडून ती फुकट घ्या. कार्यालयांना पहिल्या वर्षी एका मशीनला 61 डॉलर पडतात आणि दर वर्षी रक्कम दुप्पट होते, म्हणजे तीन वर्षांचे 427 डॉलर. हा व्यवहार जुन्या मशीनसाठी परवडणारा नाही, हे मान्य. पण शैक्षणिक संस्थांना दर काय आहे? पहिल्या वर्षी 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2, तिसऱ्या वर्षी 4. तीन वर्षांचे मिळून 7 डॉलर, आपले सहाशे-साडेसहाशे रुपये. हे शाळांना कुणी सांगितलंय का? अर्थात त्यासाठी मुळात मशीनवर रीतसर लायसन्सचं विंडोज लागतं. आणि लायसन्सचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे छताकडे बघायला लागतात, तेव्हा तो मी इथेच सोडतो.

नवीन घ्यायचं म्हटलं तर सध्याचा काळ त्यासाठी सगळ्यात वाईट. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरातली मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की आम्ही सकाळी दिलेलं कोटेशन संध्याकाळी पाळत नाही. 8 जीबीची डीडीआर4 स्टिक वर्षभरापूर्वीच्या दुपटीच्या वर गेली आहे. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा आमच्या कपाटात कायम असलेला किरकोळीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण तोच माल त्यांना मोठ्या गिऱ्हाइकांना द्यायचाय. एसएसडीही त्याच वाटेवर. वर नवीन मशीनला 18 टक्के जीएसटी. अशा वेळी चालू बोर्ड, चालू प्रोसेसर, चालू एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मुख्य म्हणजे आत असलेली रॅम किलोच्या भावाने द्यायची? भंगारवाला कचरा समजून नेत नाही, साहेब. तो आधी रॅम काढतो. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, सरकारी शिक्क्याचे स्टिकर अजून तसेच असलेले सीपीयू दिसतील.

एकीकडे केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये लॅपटॉप-पीसीच्या आयातीवर परवान्याची अट घातली, ओरड झाल्यावर ती सैल केली. त्याच वर्षी इथे हार्डवेअर बनवणाऱ्यांसाठी 17,000 कोटींची पीएलआय (उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची) योजना मंजूर केली. आयात कमी व्हावी म्हणून इतका आटापिटा, आणि देशात आधीच येऊन पडलेला चालू संगणक आपण एका कंपनीच्या प्रोसेसरच्या यादीवरून मोडीत काढणार.

आता लिनक्सचं. लिनक्स म्हटलं की लोकांना वाटतं हा कुणीतरी चळवळीतला माणूस बोलतोय. मी चळवळीतला नाही, मला रात्री साडेनऊला शटर पाडायचं असतं. पण केरळने 2001 मध्ये सुरू केलेला आयटी ॲट स्कूल प्रकल्प पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर (ज्याचा कोड खुला असतो आणि कुणीही वापरू शकतो अशा सॉफ्टवेअरवर) नेला, आणि आज 'काइट' ही तिथली सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःचं लिनक्स काढते. तिथली मुलं काही मागे पडलेली नाहीत. संरक्षण मंत्रालयाने 2023 मध्ये उबुंटू या लिनक्सवर आधारलेली 'माया' ही प्रणाली आणली. सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेचं 'बॉस' लिनक्स तर कित्येक वर्षं आहे, आणि सी-डॅकचं मुख्यालय आमच्या पुण्यातच आहे. केंद्राचं 2015 चं मुक्त सॉफ्टवेअर धोरण सांगतं, की ई-गव्हर्नन्सच्या निविदेत मुक्त सॉफ्टवेअरचा विचार झालाच पाहिजे, आणि ते वगळलं तर कारण द्यायला हवं. हे धोरण राज्यांना बंधनकारक नाही, ज्यांना हवं त्यांनी स्वीकारावं असं त्यात म्हटलंय. आपण ते नुसतं कागदावर न ठेवता पाळायचं ठरवलं, तर निम्मं काम तिथेच होईल.

लिनक्स टाकलं की सगळं सुरळीत, असं मात्र कुणी सांगितलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. सरकारी टेबलावर जिकडेतिकडे दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर आहे ना, तो लिनक्सवर चालवताना माझे केस पिकलेत. एक पान छापतो आणि रुसून बसतो. सेतू केंद्रातलं अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा डीएससी डोंगल बहुतेक वेळा विंडोजच मागतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली परिपत्रकं दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी (हे विंडोजवरही होतं, पण खापर लिनक्सवर फुटतं). म्युनिकच्या महापालिकेने मोठा गाजावाजा करून लिनक्स आणलं होतं आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, बाहेरच्यांशी फायली न जुळणं, राजकारण, सगळंच त्यात होतं. म्हणून माझं म्हणणं असं, की जिथे डोंगल, अंगठा किंवा खास विंडोजवरचं सॉफ्टवेअर लागतं, त्या टेबलांना खुशाल नवीन मशीन द्या. शाळेची लॅब, वाचनालय, अभ्यासिका, आवक-जावकचं टेबल, जिथे ब्राउझर, पत्र आणि तक्ता यापलीकडे काम नाही, तिथलं मशीन दहा वर्षांचं असलं तरी चालतं. आज बसवलेल्या उबुंटू 24.04 ला किंवा मिंट 22 ला 2029 पर्यंत फुकट अपडेट आहेत.

अभ्यासिकेचा उल्लेख उगाच केला नाही. सदाशिव पेठ, शनिवार पेठ, नारायण पेठ एमपीएससीच्या मुलांनी भरलेली आहे. यातली कितीतरी मुलं आमच्याकडे हिंजवडीच्या कंपन्यांतून निघालेले जुने काळे लॅपटॉप घ्यायला येतात. गावाकडून आलेला मुलगा खिशातले पैसे मोजून विचारतो, "दादा, टेस्ट सिरीज चालेल ना यावर?" चालते. हीच मुलं उद्या तहसील कार्यालयात बसतील आणि त्यांच्याच टेबलावरचं तसंच मशीन 'अयोग्य' म्हणून मोडीत निघेल.

मला एक शासन निर्णय हवाय, फार लांबलचक नको. 'विंडोज 11 चालत नाही' हे निर्लेखनाचं कारण धरू नये. मशीन मोडीत काढण्याआधी कुणीतरी ते उघडून, सेल, पेस्ट, रॅम, डिस्क बघून सही करावी. ती सही नवीन मशीन पुरवणाऱ्याची नसावी, तालुक्याच्या आयटीआयमधले शिक्षकही हे करू शकतील. दुरुस्तीवरचा खर्च नवीन खरेदीच्या ठराविक टक्क्यांच्या आत असेल तर ऑडिटने आक्षेप घेऊ नये, हे त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर कुणी हात लावणार नाही. माहिती बाहेर जाईल ही भीती रास्त आहे. जुनी हार्ड डिस्क काढून कार्यालयाने ठेवून घ्यावी किंवा फोडावी. नाहीतरी मशीनला वेग येतो तो नव्या एसएसडीनेच.

जे खरंच संपलंय ते ई-कचऱ्यात जाऊ दे, पण रीतसर. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची नोंदणी आहे, त्यांच्याकडे माल जावा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने ई-कचरा गोळा करायची घडी बसवली आहे, तिचाही उपयोग करून घ्या.

आणि नवीन घ्याल तेव्हा निविदेच्या तांत्रिक तपशिलात एक ओळ वाढवा, की रॅम आणि एसएसडी बदलता आले पाहिजेत. हल्ली लॅपटॉपची रॅम बोर्डवरच सोल्डर करून येते. 8 जीबीचा घेतला की मरेपर्यंत 8 जीबी. केंद्राच्या समितीने 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा (वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याच्या गुणांचा) अहवाल दिलाय. तो सध्या मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सपुरता आहे, पण राज्याला आपल्या खरेदीत तेच तत्त्व लावायला कुणाची आडकाठी नाही. दोन बाजूंचे स्क्रू काढून उघडणारं मशीन आणि डिंकाने चिकटवलेलं मशीन यांना निविदेत सारखेच गुण मिळू नयेत.

शाळेचा तो प्रस्ताव अजून वर पडून आहे. तो एसएसडी मी परत आणलेला नाही, मशीन चालू ठेवून आलोय आणि सरांना अपडेट कसं करायचं तेही लिहून दिलंय. शासन निर्णय मार्चच्या आत निघाला तर बाकीच्या लॅबचं काम शाळा निर्धास्तपणे सुरू करू शकेल. एप्रिलमध्ये निघाला तर तोवर ट्रक येऊन गेलेला असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक दुकानदार,
बुधवार पेठ, पुणे