रोजचे सत्तर किलोमीटर आणि न मिळणारी गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हायब्रिड गाड्यांवर मोठा लेख आला होता तो वाचला, चांगला होता, पण त्यातली सगळी गणितं पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकची होती आणि प्लग-इन हायब्रिडला, म्हणजे घरी वायर लावून चार्ज होणाऱ्या आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाडीला, शेवटी दोन ओळीत गुंडाळलं होतं की आपल्याकडे याला अजून वेळ आहे. म्हणून हे पत्र. मला उलटंच वाटतं. प्लग-इनची खरी गरज कोणाला असेल तर ती कोकणात रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आहे, आणि आम्हाला परवडेल अशी ती शोरूममध्ये बघायला पण मिळत नाही.

मी शृंगारतळीचा, नोकरी चिपळूणला. जाऊन येऊन सत्तरच्या आसपास किलोमीटर होतात, मार्गताम्हान्याच्या अलीकडे पलीकडे चढ-उतार आणि वळणं, त्यात पावसाळ्यात खड्डे. एसटी आहे, पण सुटण्याची वेळ आणि येण्याची वेळ याचा मेळ बसला तर ठीक, संध्याकाळी उशीर झाला तर स्टँडवर बसून राहा. पेट्रोल गाडी या रस्त्याला पंधराचं अ‍ॅव्हरेज देते असं धरा, म्हणजे दिवसाला साडेचार-पावणेपाच लिटर, आणि दर शंभरीच्या वर. महिन्याला बारा हजाराच्या आसपास नुसतं पेट्रोल जातं. पगारातून हा आकडा वजा करून बघा मग कळेल लोक इलेक्ट्रिकच्या मागे का लागलेत.

आता मग सरळ इलेक्ट्रिकच घे ना, असं सगळेच सांगतात. आमच्या शेजारच्या काकांनी घेतली आहे, रोजच्याला झकास चालते, त्यात वाद नाही. पण त्यांची एक गंमत सांगतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग धरत नाही, जमीन इतकी सुकलेली असते की चार्जर लावला की लाल दिवा लागतो आणि बंद, मग काकू अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, काका पडवीतून विचारतात "हिरवा झाला काय गो?", आणि झाला की मग सगळे जेवायला बसतात. हे उन्हाळ्याचं. पावसाळ्यात तर लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, एखादं झाड लाईनवर पडलं की संपलं. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे किती दिवस काळोख होता ते तिकडच्या लोकांना विचारा. अशा वेळी नेमकं आजारी माणसाला घेऊन डेरवणच्या हॉस्पिटलला किंवा चिपळूणला पळायचं असेल आणि गाडीत वीस टक्के चार्ज असेल तर काय करणार.

आणि दुसरं म्हणजे मुंबई. कोकणातल्या घराचं अर्धं माणूस मुंबईत असतं, त्यामुळे गाडी घेताना अडीचशे-तीनशे किलोमीटरचा हिशोब धरावाच लागतो. हायवेला चार्जर आता लागलेत हे मान्य, पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसात मुंबई-गोवा हायवेवर काय अवस्था असते ती ज्याने भोगली आहे त्याला चार्जरच्या रांगेचं वेगळं वर्णन करून सांगायला नको, 2011 पासून काम चाललेला रस्ता आहे तो.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे या दोन्हीच्या मधली गाडी. त्यात मोठी बॅटरी असते, साधारण दहा ते वीस युनिटची, घरच्या पंधरा अ‍ॅम्पच्या सॉकेटवर रात्रीत भरते आणि पन्नास ते सत्तर-ऐंशी किलोमीटर नुसत्या विजेवर चालते. ती संपली की पेट्रोल इंजिन आहेच. आपल्याकडे ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी या ज्या स्ट्राँग हायब्रिड म्हणून विकल्या जातात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांची बॅटरी एक युनिटच्या आसपास, काहींची त्याहून कमी, ती ब्रेक मारताना आणि इंजिनवर चार्ज होते, बाहेरून वायर लावायची सोयच नाही. गाडी चांगलीच आहे, पेट्रोल वाचतं, पण शेवटी एकूण एक किलोमीटर पेट्रोलचाच. हा फरक विकणाऱ्यालासुद्धा माहीत नसतो. मी जवळच्या शहरात एका शोरूमला गेलो, म्हटलं प्लग-इन आहे का, तर पोरगा म्हणाला हो सर आहे ना, आणि मला दरवाजा उघडून डॅशबोर्डखालचं मोबाईल चार्जिंगचं सॉकेट दाखवलं! मी म्हटलं अरे बाबा गाडीत मोबाईल नाही लावायचाय, घरात गाडी लावायची आहे. तो म्हणाला, "सर ही स्वतःच चार्ज होते, तुम्हाला त्रासच नाही." चहा मात्र चांगला दिला.

कागदावर बघितलं तर आमच्या रस्त्यासाठी हिशोब असा बसतो. एका युनिटमध्ये सहा किलोमीटर धरले, चढाव आहेत म्हणून कमीच धरतोय, तर रोजचे सत्तर म्हणजे बारा युनिट. महिन्याला तीनशे. आणि इथे एक मेख आहे जी तुमच्या लेखात आलीच नाही. गावातल्या घराचं बिल शे-दीडशे युनिटचं असतं. त्यात हे तीनशे घातले की आपण स्लॅबमध्ये वर सरकतो, आणि शंभरच्या पुढचं, त्यातून तीनशेच्या पुढचं युनिट सगळे आकार आणि वीज शुल्क धरून बारा-पंधरा रुपयांच्या घरात जातं. म्हणजे चार-साडेचार हजार. तरीही पेट्रोलच्या एक तृतीयांश आहे, पण ते जे लोक सांगतात ना की एक रुपयात किलोमीटर, ते ज्याच्या छपरावर सोलर आहे त्याच्यासाठी. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार सबसिडी आहे आणि तीन किलोवॉट वर्षाच्या सरासरीने महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट देतं, अगदी मापातलं काम. फक्त कौलारू घरावर पॅनल बसवायचे तर लोखंडी सांगाडा उभा करावा लागतो आणि खाऱ्या हवेत तो गंजतो, त्याचा खर्च सबसिडीत कुठे धरलेला नाही.

हे सगळं झालं, पण गाडी कुठे आहे? भारतात प्लग-इन हायब्रिड म्हणून ज्या आल्या त्यात व्होल्वोची एक्ससी 90, तीही कोटीच्या पुढची, आणि 2022 च्या शेवटी आलेली बीएमडब्ल्यूची एक्सएम, तेव्हाची किंमत 2 कोटी 60 लाख. म्हणजे ज्याला पेट्रोल वाचवायची काडीची गरज नाही त्याच्यासाठी पेट्रोल वाचवणारी गाडी. स्वस्तातल्या येणार येणार अशा बातम्या वाचतोय. चीनमध्ये सर्वसामान्य लोक रोज वापरतात या, बीवायडीने 2008 सालीच एफ3डीएम काढली होती. जपानमध्ये मित्सुबिशीची आउटलँडर 2013 ला आली, तिच्यात 1500 वॅटचा प्लग आहे, गाडीतून घरात लाईट घेता येते. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही, वादळात लाईट गेली की फ्रीज आणि दोन पंखे गाडीवर चालवायचे, आमच्याकडे याहून मोठी सोय काय पाहिजे.

गाडी न येण्याचं मोठं कारण टॅक्स आहे असं मला वाटतं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, इलेक्ट्रिकला 5 टक्केच राहिला, हायब्रिड चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर 18 टक्के, आणि त्याच्या वरच्या सगळ्यांना 40 टक्के. यात प्लग-इनसाठी वेगळा विचार कुठेच नाही. दोन युनिटसुद्धा न मावणाऱ्या बॅटरीची गाडी आणि वीस युनिटची, रोज विजेवर धावणारी गाडी, दोघी एकाच रांगेत. महाराष्ट्राच्या 2025 च्या ईव्ही धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना एक्सप्रेस वे, समृद्धी, अटल सेतूवर टोलमाफी आहे, चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तर प्रदेशने 2024 च्या जुलैमध्ये स्ट्राँग हायब्रिड आणि प्लग-इन दोन्हींचा नोंदणीचा कर माफ केला होता, मग आपल्या राज्याला तेवढं जमायला काय हरकत होती.

आता याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कोणीतरी पुढच्या आठवड्यात उत्तर लिहीलच. सरसकट सवलत द्या असं मी म्हणत नाही. युरोपात सवलती दिल्या, लोकांनी आणि विशेष करून कंपन्यांनी प्लग-इन घेतल्या, आणि वायर डिकीतच राहिली. पेट्रोलचे पैसे कंपनी देते मग घरी चार्ज कोण करणार? युरोपियन कमिशनने 2021 मध्ये नोंद झालेल्या गाड्यांच्या आतल्या मीटरवरून आकडे काढले आणि 2024 च्या मार्चमध्ये जाहीर केलं की प्लग-इन गाड्यांचा रस्त्यावरचा कार्बन डायऑक्साइड टेस्टच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. न चार्ज केलेली प्लग-इन म्हणजे जास्त वजनाची पेट्रोल गाडी, दुसरं काही नाही. आपल्याकडे पण हे झालेलं आहे, विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या 2015 च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलासुद्धा अनुदान होतं, गाडी विजेवर एक किलोमीटर चालत नव्हती तरी, शेवटी 2017 ला ते काढावं लागलं. म्हणून सवलत द्यायची तर नुसत्या विजेवर किती किलोमीटर चालते त्यावर द्या, साठच्या खाली असेल तर देऊ नका, आणि दरवर्षी गाडीच्या मीटरमधून किती चार्ज केलं ते बघा. आतल्या मीटरवरून आकडे निघतात हे तर युरोपने दाखवूनच दिलंय.

लीजबद्दल, म्हणजे गाडी विकत न घेता महिन्याच्या भाड्याने वापरण्याबद्दल, तुमच्या लेखात बरंच होतं. कल्पना मला आवडते, कारण दोन-दोन यंत्रणा असलेली गाडी, बॅटरी पाच वर्षांनी किती राहील, जुन्या बाजारात कोण घेईल, हा सगळा घोर लीज देणाऱ्याच्या डोक्यावर. पण लीजचा टॅक्समधला फायदा मिळतो तो कंपनीमार्फत पगारातून गाडी घेणाऱ्याला, झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींना किंवा मेडिकल चालवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि बऱ्याच करारात वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटरची मर्यादा असते, पुढे गेलात की किलोमीटरमागे जादा पैसे. आमचं रोजचं जाणं-येणंच वर्षाला वीस हजाराच्या वर जातं. शिवाय चिपळूणकराला एक क्लॉज डोळ्यात तेल घालून वाचावा लागतो, पाणी शिरलं तर काय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा बाजारपेठेत गाड्या अक्षरशः तरंगत होत्या. साध्या इंजिनाचं नुकसान वेगळं, मोठ्या बॅटरीची गाडी बुडाली तर ती उघडायला शिकलेला माणूस लागतो, तो आज कोल्हापूरहून बोलवायचा की पुण्याहून? कोणी लीजवाला हे लिहून देणार असेल तर मी त्याच्याकडे जायला तयार आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. रोज चार्ज करणाऱ्याचं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडून राहतं, आणि आता सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या हवेत पाण्याची काय कमी. अमेरिकेतल्या शेव्हरोले व्होल्टमध्ये पेट्रोल फार जुनं झालं की गाडी स्वतःच इंजिन चालू करून ते जाळायची. आपल्याकडे जी कंपनी प्लग-इन आणेल तिने कोकणच्या दमट हवेत आणि ई20 वर याची काय सोय केली आहे ते आधी सांगावं, सनरूफ आणि अँबियंट लाईट नंतर.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत गाड्यांचा तक्ता छापाल तेव्हा मायलेजच्या शेजारी "नुसत्या विजेवर किती किलोमीटर" असा एक रकाना ठेवा. आज बहुतेक ओळींत तिथे शून्य नाहीतर एक-दोन येईल, येऊ दे.

आपला एक वाचक,
शृंगारतळी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी