तलफ रात्री आठनंतरही येते : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

विषय : विडी-सिगारेट आणि तंबाखू सोडवणारी फोनसेवा कोल्हापूरच्या कामगारांपर्यंत पोहोचवण्याबाबत

सा. न. वि. वि.

साहेब, सिगारेटच्या पाकिटावर त्या भयंकर चित्राजवळ एक नंबर छापलेला असतो : १८००-११-२३५६. व्यसन सोडायचं असेल त्याने फोन करावा, पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारने ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू केली. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळूरचं निम्हान्स आणि गुवाहाटीची कर्करोग संस्था तिला जोडली गेली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून हा नंबर पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. सेवा चांगली आहे. ती आपल्या जिल्ह्यात ज्याला सगळ्यात जास्त हवी आहे, त्याच्या हाताला मात्र लागत नाही.

माझं उद्यमनगरच्या बाजूला औषधांचं दुकान आहे. खोकल्याचं औषध, पित्ताच्या गोळ्या आणि हल्ली निकोटीनचं च्युइंगम मागायला फौंड्रीतले कामगार येतात. त्यांना मी नंबराबद्दल विचारते तेव्हा बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. कारण साधं आहे. पाकीट त्यांच्या हातात येतच नाही. टपरीवर एक सिगारेट घ्यायची, टांगलेल्या लायटरने पेटवायची आणि कामावर जायचं. सुटी सिगारेट-विडी विकायला राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी केली, पण टपरीवर उभं राहून बघा, विक्री सुटीच चालते. मावा तर प्लॅस्टिकच्या पुडीत घोटून मिळतो, त्यावर काय छापणार? आणि आपल्या राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे होते, विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. म्हणजे सिगारेटचं ते पाकीट मुळात थोड्यांच्याच खिशात.

गेल्या पावसाळ्यात एक मोल्डर, म्हणजे फौंड्रीत वाळूचे साचे करणारा कामगार, दुकानात आला. बोटांच्या पेरांत काळी वाळू, छातीत घरघर. या लोकांच्या छातीत सिलिकाची धूळ आधीच जाते, वर विडी. म्हणाला, "मॅडम, तीन दिवस काढलं. चौथ्या दिवशी च्याच्या सुट्टीत सगळी टपरीवर गेली, मीबी गेलो." मी त्याला काउंटरवरूनच फोन लावायला सांगितलं. पलीकडून बाईंनी मराठीत विचारायला सुरुवात केली : उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते, दिवसात किती, कुणाबरोबर, कशावर जास्त आठवण येते. तो आधी लाजला, मग बोलत गेला. शेवटी त्यांनी सोडायची तारीख विचारली. "रविवारी जोतिबाला जाऊन येतो, तिथनं पुढं नाही," असं त्याने सांगितलं. तारीख त्याची त्याने ठरवली, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

या सेवेचा जीव त्या पहिल्या फोनात नाही, नंतर समुपदेशक स्वतःहून करतात त्या फोनांत आहे. निकोटीन सुटलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात : चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. पुढचे तीन-चार आठवडे हळूहळू उतार पडतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, पण ती काही मिनिटं कुणीतरी काढून द्यावी लागतात. तालमीत पोराने शड्डू ठोकला म्हणून वस्ताद घरी जात नाही, तसंच हे आहे. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात शंभरावर चाचण्या तपासल्या होत्या. असे वारंवार फोन गेले की जिथे शंभरातले ७ जण सोडायचे, तिथे १० सोडतात, असा त्याचा हिशेब आहे. तीन माणसं थोडी वाटत असतील, तर त्या तिघांच्या घरी जाऊन विचारावं.

माझ्या मोल्डरला पुढचे फोन आले असणार. पण कामावर मोबाईल लॉकरमध्ये असतो आणि सुटल्यावर अनोळखी नंबर बघितला की माणूस कर्जवाला समजून कट करतो. त्यानेही तेच केलं. सेवेची जाहीर वेळ मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते रात्री ८ अशी आहे. सेकंड शिफ्टवाला त्या वेळात भट्टीपाशी असतो. इचलकरंजीत रात्रपाळीला माग चालवणाऱ्याला तलफ येते ती रात्री दोन वाजता. आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी असते. निवांत बसून बोलायचा त्यांचा तो एकच दिवस, आणि नेमकी त्या दिवशी लाइन बंद. मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते. मग तंबाखूसाठी निदान रात्री बारापर्यंत आणि सोमवारी मराठी बोलणारं माणूस का बसू नये? केंद्राकडे ही मागणी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी केली तर तिला वजन येईल.

ते होईपर्यंत थांबायचंही कारण नाही. कामगाराने फोन करावा म्हणून वाट न बघता फोन त्याच्याकडे गेला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकला, बीपी, शुगर, टीबी म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला तंबाखूबद्दल विचारावं, तो हो म्हणाला तर त्याच्या संमतीने मोबाईल नंबर आणि त्याला सोयीची वेळ लिहून घ्यावी, आणि समुपदेशकाने त्या वेळेला फोन करावा. फोन कुठल्या नंबरवरून येणार तेही तिथेच सांगून त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्यावं. एवढ्या एका गोष्टीने कट होणारे कितीतरी फोन वाचतील. कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयातही हेच व्हावं. ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं हे मला माहीत आहे, पण ते खातंही आपल्याच जिल्ह्यातल्या मंत्र्यांकडे आहे. दोन्ही खाती कोल्हापुरात असताना हे जमलं नाही, तर कधी जमणार?

निकोटीन रिप्लेसमेंटचा, म्हणजे तंबाखूऐवजी च्युइंगमसारख्या औषधातून थोडं निकोटीन देण्याच्या उपचाराचा, समावेश २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत झालेला आहे. रोजंदारीवरचा माणूस च्युइंगमची किंमत ऐकून माघारी फिरतो आणि त्याच पैशात आठवडाभराच्या विड्या येतात हा हिशेब माझ्यासमोर मांडतो. तेव्हा मला उत्तर सुचत नाही. फोनवर नोंद झालेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांचं च्युइंगम सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायला हवं. जिल्ह्याचा निधी ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री म्हणून आपणच आहात. पहिल्या वर्षी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित या तीन औद्योगिक वसाहतींपुरतं करून बघता येईल. कारखानदारांच्या संघटनांना एकदा बोलावून घ्या. सोडायची तारीख ठरवलेल्या कामगाराला फोन घ्यायला दहा मिनिटं बाहेर सोडा, एवढंच त्यांना सांगायचं आहे.

राहिला प्रश्न नंबर दिसण्याचा. दरवर्षी ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिनाची रॅली निघते, शाळेची पोरं उन्हात फलक धरून चालतात. तो फलक त्याऐवजी कारखान्याच्या गेटवर, कँटीनमध्ये, मध्यवर्ती बसस्थानकावर आणि सुटी विडी मिळते त्या प्रत्येक टपरीसमोर वर्षभर लावावा. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत नंबर, वेळ आणि "फोन फुकट आहे" एवढंच असावं. औषध दुकानदारही यात येतील. परवानगी आणि नोंदवही मिळाली, तर संमती आणि सोयीची वेळ लिहून घ्यायचं काम माझ्या काउंटरवर उद्यापासून सुरू करायला मी तयार आहे. त्या वहीतले नंबर कुणाकडे पाठवायचे, एवढं आपल्या कार्यालयाने कळवावं.

कळावे,
आपली नम्र,
एक औषध विक्रेती, कोल्हापूर