गिरणगावातील चाळींची लोकनोंद : आजी-माजी रहिवाशांना आणि हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

लालबाग, परळ, नायगाव, वरळी आणि डिलाईल रोड या भागांतील चाळी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. कुठे संक्रमण शिबिरात जाण्याची तयारी चालली आहे, कुठे पाडकाम सुरू आहे, तर वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतील काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या. शतकापूर्वी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, मजल्यावरच्या सामाईक शौचालयासह ज्यांनी संसार केले, त्यांना प्रशस्त घर मिळायलाच हवे, याबद्दल आमच्या रहिवासी संघात दुमत नाही. मात्र पुनर्विकासाच्या कागदपत्रांत मोजणी होते ती खोल्यांची : खोली कोणाच्या नावावर आहे, भाडेपावती आहे की नाही, रहिवासी पात्र की अपात्र. त्या खोलीत माणसे किती राहतात, ती कोणत्या वयाची, कोणत्या गावची आणि केव्हापासून इथे आहेत, हे त्या कागदांत सापडत नाही. चाळी पाडल्या जाण्यापूर्वी ही माणसांची नोंद करून ठेवावी असे संघाने ठरवले असून, त्यासाठी आपले श्रम, आपल्या घरातील जुनी कागदपत्रे आणि आपली आर्थिक मदत मागण्याकरिता हे आवाहन करीत आहोत.

जनगणना असताना वेगळी नोंद कशाला, असे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. देशाची मागील जनगणना २०११ मध्ये झाली. २०२१ची महासाथीमुळे लांबली आणि आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून जनगणना जाहीर झाली आहे. तिला प्रत्येक कुटुंबाने पूर्ण सहकार्य करावे, असेच आमचे सांगणे आहे. पण जनगणनेतील व्यक्तिगत माहिती १९४८च्या कायद्याने गोपनीय असते आणि आकडे प्रसिद्ध होतात ते वॉर्डासारख्या मोठ्या विभागाचे. एका वॉर्डात टोलेजंग मनोरा आणि त्याच्या सावलीतली चाळ एकाच बेरजेत मिसळून जातात. त्यातून अमुक चाळीत एकटे राहणारे वृद्ध किती, हे कधीच कळणार नाही. शिवाय मधल्या काळात बरेच काही घडून गेले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती, ती २०११ मध्ये ३०,८५,४११ झाली, म्हणजे दहा वर्षांत अडीच लाखांहून अधिक माणसे कमी झाली. त्याच काळात उपनगर जिल्हा मात्र वाढतच होता. या घटीत आपल्या भागातून डोंबिवली, बदलापूर, विरार आणि नालासोपाऱ्याकडे गेलेली कुटुंबे आहेत, हे आपण सारे जाणतो. ती कोणत्या चाळीतून, कोणत्या वर्षी आणि कशामुळे गेली, हे मात्र कोणीही लिहून ठेवलेले नाही.

गिरणगावाची वस्ती पहिल्यापासूनच बाहेरून आलेल्यांची. १८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ लागला. १९११च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या पाच जणांपैकी जेमतेम एकाचा जन्म या शहरात झालेला होता. १९२१ मध्ये शहरात हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया होत्या, कारण कुटुंब गावी ठेवून पुरुष एकटाच येई, गावकीच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत, वळकटी ठेवी आणि खाणावळीत जेवे. जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम, आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या माणसांना कामावर लावी, त्यामुळे एकेका चाळीत एकेका तालुक्याची माणसे गोळा झाली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, मदनपुऱ्यात स्थिरावलेले उत्तर भारतीय मुस्लिम विणकर हेही याच वस्तीचे. दलित कामगारांना साचाखात्यात (कापड विणण्याच्या खात्यात), म्हणजे जिथे पगार अधिक तिथेच, काम मिळत नसे. मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून इतर कामगारांचा विटाळाचा आक्षेप असे, आणि १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे पुढे आणला होता. कोणत्या खात्यात कोण आणि कोणत्या चाळीत कोण, या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. गिरणगावाचा हा इतिहास सांगताना तो भाग वगळणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर वस्तीची घडणच पालटली. काही जण गावी परतले, काहींनी खोल्या विकून दूरवर जागा घेतल्या, घरातल्या बायकांनी डबे देऊन आणि घरकामे करून संसार सावरले. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालये उभी राहिली. आज त्या कार्यालयांत पहारा देणारे, सफाई करणारे आणि घरोघरी पार्सल पोहोचवणारे तरुण आपल्याच चाळींत पोटभाड्याने राहतात. आमच्या कार्यकर्त्यांनी या नोंदीच्या चाचणीसाठी निवडलेल्या एका खोलीत चार तरुण आळीपाळीने झोपतात. दिवसपाळीचे दोघे निघाले की रात्रपाळीचे दोघे येतात आणि भिंतीवरच्या कागदावर कोणाची पाळी कधी, कोणी किती भाडे भरले, हे लिहिलेले असते. एका जुन्या ग्राममंडळाच्या वहीत आम्हाला अगदी अशीच नोंद मिळाली : नाव, गाव, पाळी, महिन्याची वर्गणी, ट्रंक कोणत्या कोपऱ्यात. म्हणूनच या लोकनोंदीत पोटभाडेकरूंनाही धरावे, असा आमचा आग्रह आहे. ‘ते आपले नव्हेत’ असे बैठकीत काहींनी सांगितले, तेव्हा संघाने ते मान्य केले नाही. आपले आजोबा ज्या दिवशी या शहरात उतरले, त्या दिवशी त्यांचीही इथे कोणाशी ओळख नव्हती.

या नोंदीचा उपयोग केवळ इतिहासापुरता नाही. नव्या इमारतींत अंगणवाडी कोठे हवी, किती मजल्यांवर गुडघे धरून चालणारी माणसे राहणार आहेत, लिफ्ट बंद पडली तर कोणाला खाली आणावे लागेल, रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रिया किती, अभ्यासिकेची गरज किती मुलांना आहे, हे आकडे हाती असतील तर महापालिकेकडे आणि म्हाडाकडे नेमकी मागणी करता येते. आकडे नसले की निवेदनावर ‘पाहू’ एवढाच शेरा मिळतो. देखभाल खर्च न परवडल्याने कोण घर सोडण्याच्या विचारात आहे, हेही वेळेवर कळले पाहिजे, कारण चांगले घर मिळून ते टिकवता आले नाही तर पुनर्वसन झाले असे म्हणता येणार नाही.

अनेकांच्या मनात भीती आहे आणि ती अनाठायी नाही. म्हणून स्पष्टपणे सांगतो की आमच्या फॉर्मवर आधार क्रमांक, पॅन, बँकेचा तपशील किंवा खोलीच्या मालकीचा कोणताही कागद मागितला जाणार नाही. पात्र-अपात्रतेशी या नोंदीचा काडीचाही संबंध नाही आणि कोणत्याही विकासकाला किंवा पक्षाला भरलेले फॉर्म दाखवले जाणार नाहीत. जात आणि धर्म यांचे रकाने आम्ही मुद्दाम ठेवलेले नाहीत. ज्यांना आपल्या घराण्याचा अनुभव सांगावासा वाटेल, त्यांची मुलाखत त्यांच्या इच्छेने आणि त्यांच्या अटींवर वेगळी घेतली जाईल. फॉर्मवर खोली क्रमांकाऐवजी संकेतांक असेल, प्रसिद्ध होतील ते चाळीनिहाय एकत्रित आकडेच. एखादा प्रश्न नको वाटला तर तो रकाना कोरा सोडावा.

आता मदतीविषयी. सर्वांत मोठी गरज आहे ती माणसांची. प्रत्येक मजल्यासाठी दोन स्वयंसेवक हवे आहेत, त्यांपैकी एक शक्यतो स्त्री असावी, कारण दुपारच्या वेळी घरी असणाऱ्या आजी आणि सुना अनोळखी पुरुषाशी मोकळेपणाने बोलत नाहीत, असे चाचणीत दिसून आले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पुढे यावे. फॉर्म कसा भरायचा याचे प्रशिक्षण संघ देईल. तेलुगू, हिंदी, उर्दू आणि भोजपुरी बोलणाऱ्यांची विशेष गरज आहे. संगणकावर माहिती भरू शकणाऱ्यांनी घरबसल्या आठवड्यातून काही तास दिले तरी मोठे काम होईल.

दुसरी गरज कागदपत्रांची. गिरणीचे ओळखपत्र, हजेरीचे तिकीट, जुनी शिधापत्रिका, भाडेपावत्या, ग्राममंडळांच्या आणि भजनी मंडळांच्या वह्या, गणेशोत्सवाचे अहवाल, चाळीच्या गच्चीवरचे लग्नाचे फोटो, यांपैकी जे काही असेल ते रद्दीत घालण्याआधी आम्हाला दाखवा. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही. आपल्यासमोर स्कॅन करून लगेच परत करू. खोली रिकामी करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी सर्वांत आधी भंगारात जाते आणि नेमके त्याच पेटीत हे सारे असते, म्हणून स्थलांतराची तारीख ठरलेल्या कुटुंबांनी आम्हाला अगोदर कळवावे, ही कळकळीची विनंती.

तिसरी गरज पैशाची. फॉर्मची छपाई, स्कॅनरचे भाडे, मुलाखतींचे लेखन आणि अहवालाचे प्रकाशन यांसाठी निधी लागेल. रकमेची सक्ती नाही. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे. देणगी शक्यतो धनादेशाने संघाच्या नावे द्यावी, पावती आवर्जून घ्यावी, आणि दर महिन्याचा जमाखर्च संघाच्या कार्यालयाबाहेरील फलकावर लावला जाईल, तो तपासून पाहावा. विकासकांकडून देणगी घेणार नाही, असा ठराव संघाने एकमताने केला आहे.

फॉर्मवाटप पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारपासून सुरू होईल आणि ज्या चाळींना रिकाम्या करण्याच्या नोटिसा लागल्या आहेत, त्यांपासून सुरुवात केली जाईल. गावी किंवा उपनगरांत राहायला गेलेल्या माजी रहिवाशांनी आपले नाव, पूर्वीची चाळ आणि ती सोडल्याचे वर्ष इतके तरी आपल्या जुन्या शेजाऱ्यांमार्फत संघाकडे पाठवावे. कार्यालय रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडे राहील.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, रहिवासी संघ