बर्फावर टाकलेला रुमाल

डॉर्चेस्टर, बॉस्टन
रविवार, २२ मार्च २०१५

ती. आण्णा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आण्णा म्हणाले, "एवढं काय कौतुक त्या बर्फाचं? आपल्याकडं पाऊस पडत नाही का?" पडतो की. पण पाऊस पडला की वाहून कृष्णेला जातो. बर्फ पडला की पडल्या जागी ठाण मांडून बसतो. त्याला उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं, आणि ती दुसरीकडची जागा कुणाच्या तरी दारातच असते. सगळी भांडणं तिथून सुरू होतात. फोनवर सांगायला गेले तर निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

आधी आकडा सांगते, आण्णांना आकडे लागतात. या हिवाळ्यात १५ मार्चपर्यंत बॉस्टनमध्ये १०८.६ इंच बर्फ पडला. नऊ फूट! त्याच दिवशी, गेल्या रविवारी, १९९५-९६ सालचा १०७.६ इंचांचा विक्रम मोडला. गंमत म्हणजे संक्रांतीपर्यंत फारसं काही नव्हतंच. मग २६ जानेवारीच्या रात्री सुरू झालं ते एकाच वादळात दोन फुटांवर, आणि एकट्या फेब्रुवारीत ६४.८ इंच. १० फेब्रुवारीला तर शहरातल्या सगळ्या लोकल बंद.

आम्ही राहतो ते घर तीन मजली, लाकडी. एकेका मजल्यावर एकेक बिऱ्हाड आणि पुढच्या बाजूला एकावर एक तीन ओसऱ्या. याला इथं ट्रिपल डेकर म्हणतात. तळमजल्यावर घरमालकीण आजी आहेत, आयरिश, मध्ये आम्ही आणि वरती केप वर्द नावाच्या बेटांवरच्या देशातलं कुटुंब. शेजारच्या घरात व्हिएतनामी आजोबा. समोरासमोर अशीच घरं, मधला रस्ता अरुंद आणि दोन्ही कडेला गाड्या. पार्किंग कुणाच्याच मालकीचं नाही. रस्ता सरकारी, येईल त्यानं लावावी.

हे झालं उन्हाळ्यातलं. बर्फ पडला की नगरपालिकेचा नांगर येतो (खरोखरच नांगरासारखं पातं असतं ट्रकला) आणि रस्ता मोकळा करताना सगळा बर्फ कडेच्या गाड्यांवर लोटून जातो. तो रात्रीत गोठून कातळ होतो. एक गाडी बाहेर काढायला मला आणि तुमच्या जावयांना पहिल्यांदा अडीच तास लागले. फावड्याला बर्फ चिकटतो, म्हणून आजींच्या सांगण्यावरून पात्याला तेल चोळलं. घरात शेंगदाण्याचं होतं, तेच वापरलं. आई, रागावू नकोस.

आता विचार करा. अडीच तास खणून तुम्ही गाडी काढलीत, कामावर गेलात आणि संध्याकाळी परत येऊन बघता तो दुसराच कुणी तिथं गाडी लावून वर चहा पितोय. म्हणून इथले लोक निघताना त्या खड्ड्यात काहीतरी ठेवून जातात. मोडकी खुर्ची, रस्त्यावरचे नारिंगी कोन, बंद पडलेला व्हॅक्युम क्लीनर. एकानं तर नाताळातला प्लास्टिकचा सांताक्लॉज ठेवला होता. वस्तू दिसली की जागा धरलेली आहे असं समजायचं.

आण्णा, हसू आलं ना? मलाही पहिल्यांदा हेच आठवलं. कराडच्या स्टँडवर पाटण गाडी लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल, पिशव्या, टॉवेल आत पडायचे. एकदा तुम्ही कंडक्टर असलेल्या गाडीत मी होते, चौथीत असेन. एकानं टाकलेल्या टॉवेलवर एक अवघडलेली बाई बसली आणि त्या माणसानं गाडी डोक्यावर घेतली. तुम्ही शांतपणे तो टॉवेल झटकून घडी घातलात, त्याच्या खांद्यावर ठेवलात आणि म्हणालात, "टॉवेलचं तिकीट काढलंय का?" सगळी गाडी हसली. पण रात्री जेवताना तुम्ही आईला सांगत होता की तो दोन तास उन्हात उभा होता, त्याचंही काही चुकलं नव्हतं. ते दुसरं वाक्य मी विसरले होते. या जानेवारीत आठवलं, आणि तेही माती खाल्ल्यावर.

२८ जानेवारीची गोष्ट. कामावरून रात्री आठला आले. गल्लीला चार चकरा मारल्या, कुठं फट नाही. समोरच्या घरापुढे एक मोकळी जागा होती, तिच्यात इस्त्रीचं टेबल उभं. त्या आठवड्यात कचऱ्याची गाडी आलीच नव्हती, जो तो अडगळ बाहेर ठेवत होता. मला वाटलं, टाकलेलंच आहे. खरं सांगू? पूर्ण तसं वाटलं नव्हतं. थोडी शंका होती, पण पाय गारठले होते. टेबल उचलून ढिगावर नीट आडवं ठेवलं आणि गाडी लावली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. नऊला खाली येऊन बघते तर गाडी गायब. म्हणजे होती, पण बर्फाखाली. रात्री तर एक कणही पडला नव्हता. कुणीतरी फावड्यानं मन लावून गाडी पुरली होती, वरून थापटून गुळगुळीत केली होती, ओटा सारवतात तशी, आणि टपावर इस्त्रीचं टेबल उभं केलं होतं. चिठ्ठी नाही, शिवी नाही.

आजी खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, समोरचा माणूस बसच्या डेपोत रात्रपाळीचा मेकॅनिक आहे. वादळात गाड्या पडल्या बंद, तो ओव्हरटाइम करतोय. तीन तास खणून जागा केली होती आणि सकाळी सातला परत आला तेव्हा तिथं तुझी गाडी. आण्णा, डेपोतला मेकॅनिक! मला तिथंच रडू फुटायचं बाकी होतं. वादळाच्या रात्री घाटातून परत आल्यावर तुम्हीही असेच सकाळी सातला यायचात.

संध्याकाळी दाण्याचे लाडू डब्यात घालून गेले. आधी विचारलं, शेंगदाणे चालतात ना, कारण इथं पुष्कळांना ते बाधतात. त्यानं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "डबा ठेव. उद्या येताना फावडं घेऊन ये."

गेले. त्याची ती जागा आणि शेजारची एक, दोन्ही खणल्या. खणता खणता कळलं की तो साडेसातला संध्याकाळी निघतो आणि मी आठला येते. मी सकाळी साडेसहाला निघते, तो सातला येतो. दोघांना एकच जागा पुरते! कराड-पुणे एका उतारूची सीट, पुणे-मुंबई दुसऱ्याची, तसं. त्या दिवसापासून इस्त्रीच्या टेबलाचे दोन मालक झाले. रविवारी मात्र पंचाईत व्हायची, तेव्हा व्हिएतनामी आजोबांच्या घराशेजारच्या बोळात एक गाडी घुसवायची. त्या बदल्यात त्यांचा जिना आम्ही साफ करायचा. कुणी कागदावर लिहिलं नाही, पण फेब्रुवारीभर चाललं.

नियम आहेत, नाही असं नाही. मेनिनो नावाच्या महापौरांच्या काळात असं ठरलं की बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास खुर्ची ठेवा, नंतर ती कचऱ्याच्या गाडीत जाईल. या वर्षी ते ४८ तास मोजायचे कधी? एक संपेपर्यंत दुसरं वादळ. साउथ एंड नावाच्या भागातल्या लोकांनी यंदा ठरवून टाकलं की आमच्याकडे खुर्च्याच नकोत, सरकारी रस्ता सगळ्यांचा. बोलायला बरोबर आहे. पण मला विचाराल तर ज्यानं खणलं त्याची जागा, घाम वाळेपर्यंत. तीन आठवड्यांनी तीच खुर्ची तिथं दिसली तर ते अतिक्रमण. आमच्या गल्लीच्या टोकाला एकजण आहे, त्यानं खणलेली एक जागा आणि कोन ठेवलेत तीन जागांवर. त्याला कोण सांगणार? अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

फूटपाथचं वेगळं. बर्फ थांबल्यापासून तीन तासांत ज्याच्या त्याच्या घरापुढचा साफ झाला पाहिजे. रात्री थांबला तर सूर्य उगवल्यापासून तीन तास. नुसती पायवाट चालत नाही, ४२ इंच रुंदी लागते, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल इतकी. आणि उचललेला बर्फ रस्त्यावर टाकायचा नाही, त्यालाही दंड. मग टाकायचा कुठं? घरापुढच्या वीतभर अंगणात. फेब्रुवारीच्या मध्यावर तो ढीग माझ्या डोक्यावर गेला, त्याच्या वर फावड्यानं बर्फ फेकायला कसब लागतं. साउथ बॉस्टनमध्ये तर गल्ल्या इतक्या आवळल्या की कितीतरी रस्ते एकेरी करावे लागले, आगीचे बंब जाईनात म्हणून.

कायद्यानं ही जबाबदारी घरमालकाची. आमच्या आजींची कंबर गेलेली, म्हणून आम्ही आणि वरचे काका वाटून घेतो. पण पलीकडे एक घर आहे, त्याचा मालक दुसऱ्या गावी राहतो आणि भाडेकरू म्हणतात आमचं काम नाही. तिथं आठवडाभर नुसती काच. पोस्टमन तिथून परत जायचा. तक्रार करायची की नाही यावर ओसरीत बरीच चर्चा झाली. महापौरांच्या हॉटलाइनला फोन केला की नगरपालिकेचा माणूस दंडाची पावती घेऊन येतो. आम्ही बोलत बसलो आणि व्हिएतनामी आजोबा पहाटे उठून खडे मीठ टाकून, खराट्यानं ते स्वच्छ करून घरी गेलेसुद्धा. विचारलं तर म्हणाले, नातू त्याच रस्त्यानं शाळेत जातो.

बंबावरून आठवलं. कोपऱ्यावर आग विझवायच्या पाण्याचा खांब असतो, बुटका. बर्फात तो बुडाला तर बंबवाल्यांना सापडत नाही. शहरानं इंटरनेटवर अशी सोय काढली की तुम्ही एक खांब दत्तक घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि बर्फ पडला की तो मोकळा करायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाचं फक्त डोकं वर राहिलं होतं, बांधावरच्या म्हसोबासारखं. शेंदूर लावायचा तेवढा बाकी. मी त्याला म्हसोबा म्हणते. वरच्या काकांची मुलंही आता "म्याशोबा" म्हणतात आणि शाळेतून आल्यावर त्याच्याभोवती उकरतात.

आणि आता घाण. आई, हे तुला सांगायला हवं. बर्फ वितळायला लागला की दोन महिन्यांचा कचरा थराथरानं वर येतो. वरती कॉफीचे कप आणि लॉटरीची तिकिटं, त्याखाली हातमोजे (सगळे एकेकटे), मग कुत्र्यांची विष्ठा आणि तळाशी जानेवारीतलं नाताळाचं झाड. ढीग तर काळेकुट्ट झालेत, डांबरासारखे. रस्ते झाडायचं यंत्र १ एप्रिलशिवाय सुरू होत नाही. म्हणून काल सगळे बाहेर पडलो. कुणी पिशव्या आणल्या, मेकॅनिकनं डेपोतले जाड हातमोजे. आजी खुर्ची टाकून बसल्या आणि कुठं काय राहिलं ते बोट दाखवून सांगत राहिल्या. १९७८ च्या वादळाची गोष्ट चौथ्यांदा सांगितली, हायवेवर तीन हजारांवर गाड्या अडकल्या होत्या ती. दुपारपर्यंत एकोणीस पिशव्या भरल्या. टोकाचा तीन कोनवालाही आला होता. पिशव्या बांधून देत होता.

काल पाडवा, ते मी विसरले नव्हते. सकाळी ओसरीत गुढी उभारली. काठी म्हणून छपरावरचा बर्फ ओढायचा लांब दांडा घेतला, तो पुढून आकड्यासारखा असतो त्यामुळे तांब्या नीट बसेना, जावयांनी सुतळीनं आवळला. आईनं दिलेली जांभळी पैठणी, साखरेची गाठी, कडुलिंबाची दुकानातली वाळकी पानं. खालून मेकॅनिकनं मान वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कुठली जागा धरलीस?"

हसून हसून मला उत्तरच देता आलं नाही. मग जावयांनी समजावलं. श्रीखंड सगळ्यांना आवडलं, कडुलिंब कुणालाच नाही.

१ एप्रिलपासून ठरावीक दिवशी झाडलोटीसाठी रस्त्याची एकेक बाजू रिकामी करावी लागेल, नाहीतर गाडी उचलून नेतात. ती वेगळीच धावपळ. इस्त्रीचं टेबल सध्या आमच्या तळघरात आहे, मधला पाय वाकडा झालाय.

आण्णा, मेकॅनिकला तुमच्याबद्दल सांगितलंय. तो विचारत होता, पावसाळ्यात घाटात गाडी बंद पडली तर डेपोतून माणूस यायला किती वेळ लागायचा आणि तोवर उतारू काय करायचे. मला सगळं सांगता आलं नाही, तुम्ही सविस्तर लिहा. आणि मे महिन्यात याल तेव्हा कपाटातला तुमचा तो तिकिटाचा पंच आणा. टकटक कशी वाजते ते मी त्याला तोंडानं करून दाखवलं, त्याला काही पटलं नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना, आई? बंड्याला आशीर्वाद.

तुमची,
ताई