फौजेतल्या रुग्णसेवेचे श्रेयांक नर्सिंगच्या पदवीत धरा

महोदय,

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी करून मी हवालदार पदावरून निवृत्त झालो. आमच्या ट्रेडचा जवान फौजेतून बाहेर पडला की त्याने तिथे शिकलेली रुग्णसेवा नागरी कॉलेजात पदवीसाठी मोजली जात नाही. हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच पडून आहे, म्हणून हे पत्र.

नर्सिंग असिस्टंट म्हणजे वॉर्डबॉय, असा समज बाहेर सर्रास आहे. वास्तविक या भरतीलाच बारावी विज्ञान लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, एकूण किमान 50 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 40 टक्के गुण हवेत. मग शरीररचना, औषधे, निर्जंतुकीकरण, जखमींची वर्गवारी हे सगळे वर्गात शिकायचे आणि मिलिटरी हॉस्पिटलच्या वॉर्डात करून दाखवायचे. पुढे ट्रेडच्या परीक्षा देत वरचा क्लास मिळवायचा. वॉर्डात देखरेख मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या मॅडमची. चार्टवर नाडी, तापमान, लघवीचे माप वेळच्या वेळी लिहिलेले नसेल तर ते काम झालेच नाही, असे त्या धरत. शिस्त म्हणजे काय ते मी परेड ग्राउंडपेक्षा त्यांच्या वॉर्डात जास्त शिकलो.

उंचावरच्या पोस्टवर डॉक्टर साहेब खाली मुख्यालयात असतात आणि वर असतो एकटा नर्सिंग असिस्टंट. रात्री एखाद्या जवानाला आडवे होता येत नाही, तो उठून बसतो, धाप थांबत नाही, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. हा हापो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात साचलेले पाणी. ऑक्सिजन लावायचा, साहेबांना रेडिओवर सगळे आकडे सांगायचे, ते म्हणतील ते औषध द्यायचे. हेलिकॉप्टर येण्यासारखे हवामान नसेल तर रोग्याला हापो बॅगेत घालून बाहेरून पंप मारत राहायचे. आत दाब वाढला की त्याला कमी उंचीवर उतरवल्यासारखा आराम पडतो. पण पंप थांबवून चालत नाही, त्याच्याच उच्छ्वासाची हवा आत कोंडते. थंडीने शिरा आक्रसलेल्या असतात, त्यामुळे सलाईन लावण्याआधी हात शेकून घ्यावा लागतो. सलाईनची बाटली गोठू नये म्हणून ती स्वतःच्या कोटाच्या आत, अंगाशी धरून ठेवायची.

माझ्याच युनिटमधला, मला ज्युनिअर असलेला एक जवान हे सगळे करून बाहेर आला आणि एका नर्सिंग कॉलेजात चौकशीला गेला. डिस्चार्ज बुक उघडूनही न पाहता त्याला सांगितले गेले की, प्रवेश मिळाला तर पहिल्या वर्षापासून, बारावी होऊन नुकत्याच आलेल्या मुलांबरोबर, पूर्ण फी भरून चार वर्षे. घरात दोन मुले शिकणारी, त्याला ते कसे जमणार? आज तो एका खासगी हॉस्पिटलच्या गेटवर सुरक्षा रक्षक आहे. अपघातग्रस्ताला रिक्षातून उतरवताना मान कशी धरायची हे त्याला पक्के ठाऊक आहे, पण हात लावायची परवानगी नाही. मला याचे फार वाईट वाटते.

सरकारने माजी सैनिकांसाठी काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. दहावी उत्तीर्ण आणि 15 वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला ‘क’ गटाच्या काही पदांसाठी पदवीधरासमान धरतात. मात्र जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक आहे, अशा पदांना ही सवलत नाही. थोडक्यात, कारकुनाच्या टेबलापर्यंत ती पोहोचवते, रुग्णाच्या खाटेपर्यंत नाही. अग्निवीरांसाठी 2022 मध्ये इग्नूमार्फत पदवीची योजना जाहीर झाली. तिच्यात निम्मे श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजायचे शिक्षणाचे एकक) सेवेतल्या कौशल्य प्रशिक्षणाचे धरले जातात. योजना चांगलीच आहे. माझे म्हणणे एवढेच, की बंदूक आणि रेडिओ हाताळणाऱ्याचे प्रशिक्षण बी.ए.साठी मोजता येते, तर जखम बांधणाऱ्याचे नर्सिंगसाठी का मोजता येऊ नये?

आराखडाही तयार आहे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात 30 तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 श्रेयांक असा हिशेब आहे. मूल्यांकन करून अनुभवालाही त्यात जागा आहे. श्रेयांक जमा करण्यासाठी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स 2021 पासून आहे. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रमही आता आठ सत्रांत आणि श्रेयांकांतच मांडलेला आहे. अमेरिकेत तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लष्करी अभ्यासक्रम तपासून त्याला कॉलेजचे किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस केली जाते. तिथल्या सैनिकाच्या हाती तशी गुणपत्रिकाच असते. ती मान्य करायची की नाही हे कॉलेज ठरवते, पण निदान समोर ठेवायला कागद तरी असतो.

कोणी म्हणेल की रुग्णाच्या जिवाशी खेळ नको. अगदी बरोबर. आमच्या शिक्षणात उणिवा आहेत. प्रसूती, नवजात बालक, गावातले सार्वजनिक आरोग्य यांत आमचा हात फारसा बसलेला नसतो, कारण आमचा रोगी बहुतेक वेळा धडधाकट तरुण असतो. हे विषय आम्ही पूर्ण शिकले पाहिजेत, त्यात एका तासाचीही सूट नको. शरीररचना, प्रथमोपचार, नर्सिंगची मूलतत्त्वे यांची मात्र लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. जो उत्तीर्ण होईल त्याला त्या विषयांचे श्रेयांक द्या, नापास होईल त्याने वर्गात बसावे.

सुरुवात महाराष्ट्रातच करता येईल. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीच संलग्न आहे. या दोघांनी नर्सिंग असिस्टंटचा अभ्यासक्रम आणि बी.एस्सी. नर्सिंगची पहिली सत्रे शेजारी ठेवून काय जुळते, काय नाही याचा तक्ता करावा आणि तो भारतीय नर्सिंग परिषदेपुढे मांडावा. शेवटी मान्यता परिषदेचीच लागणार. तोवर लष्कराने आपल्या हातातले एक काम लगेच करावे. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक नर्सिंग असिस्टंटला डिस्चार्ज बुकाबरोबर एक विवरणपत्र द्यावे आणि त्यात कोणता विषय किती तास शिकवला, कोणत्या वॉर्डात किती काळ काम केले हे स्पष्ट नोंदवलेले असावे.

आपला,
एक निवृत्त हवालदार (नर्सिंग असिस्टंट), आर्मी मेडिकल कोअर